खालची पट्टी

"त्याचे कान तेवढे कापा," सुभानराव म्हणाले.

आमच्या घरामागच्या लिंबाखाली दगड आडवा ठेवला होता आणि गावचे सरपंच सुभानराव कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभे होते. मागे स्मारक कमिटीचे चौघे. तात्या, म्हणजे माझे वडील, बाजेवर बसले होते. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. दगडाच्या धुळीनं त्यांची छाती कामातून गेली होती, उजवा हात भाकरीचा तुकडाही नीट मोडत नव्हता, पण न ऐकल्याचं सोंग त्यांना उत्तम जमायचं.

"कुनाचं कान?" मी विचारलं.

"ह्या गाढवाचं."

"गाढव न्हाय त्ये. खेचर हाय."

"तेच ते. कान कापले की घोडा हुतोय. वर हैबतीला बसवा, हातात रायफल द्या. झालं काम."

पन्नास वर्षं झाली, पण "झालं काम" हे त्यांचे शब्द आठवले की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. जणू मी कणकेचा गोळा घेऊन बसले होते. इथलं काढा, तिथं चिकटवा. अहो, दगडातून काढता येतं, दगडात घालता येत नाही. जो माणूस दोरी धरून पुढं चालताना कोरलाय, त्याला उचलून घोड्यावर कसा बसवणार? हे मी बोलून दाखवलं, तेव्हा कमिटीतल्या एकानं मला पोरीच्या जातीनं पुरुषांच्या बोलण्यात पडू नये असं सुनावलं. दगड मी कोरला होता हे त्याला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी म्हणायचं रामजी पाथरवटानं, म्हणजे तात्यांनी, केला.

हैबती गोरड आमच्या खडकवाळ्याचा. बांगलादेशच्या लढाईत गेला. आमचा माणदेशातला मुलूख म्हणजे घरटी एक माणूस पलटणीत, पण त्या लढाईत आमच्या गावचा मेला तो हैबती एकटाच. त्यामुळं त्याचं स्मारक व्हायचं ठरलं. सुभानरावांच्या मनात पुतळा होता. तात्यांनी सांगितलं, पुतळा कशाला, आपल्याकडं मेलेल्या वीराची वीरगळ उभारतात, ती करू. भैरोबाच्या देवळापुढं माळावर अशा तेवीस वीरगळी उभ्या आहेत. कुणाच्या, कुठल्या लढाईतल्या, हे कुणालाच माहीत नाही. नावं नाहीत त्यांच्यावर. पण माणूस कसा मेला ते दगड सांगतो.

तात्यांनी मला लहानपणी त्या दगडांपुढं उकिडवं बसवून वाचायला शिकवलं होतं. वीरगळ खालून वर वाचायची. सगळ्यात खालच्या पट्टीत लढाई आणि मरण. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही दंडांना धरून नेतायत. त्याच्या वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलाय, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. वरचं सगळं प्रत्येक दगडावर सारखंच. त्याच अप्सरा, तीच पिंड, तोच चेहरा. तात्या म्हणायचे, स्वर्ग आपण बघितलेला नाही, म्हणून तो ठरल्याप्रमाणं कोरायचा. खालची पट्टी मात्र लोकांनी बघितलेली असते, तिथं खोटं चालत नाही. नावेवर मेला तर नाव कोरायची, कोटाच्या भिंतीपाशी मेला तर भिंत. आमच्या माळावरच्या तेवीसपैकी बारा दगडांवर खाली गुरं आहेत. चोरांनी गावची गुरं वळवून नेली, कुणीतरी आडवा गेला, मेला. गावानं त्याला वीर म्हटलं आणि त्याच्या पायाशी गाई कोरल्या. कुणाला त्यात लाज वाटली नाही.

हैबती खेचरांच्या पलटणीत होता. धनगराचा पोर, मेंढरांमागं वाढलेला, जनावराचं त्याला बरोबर कळायचं. लढाई बांगलादेशची म्हणत असले तरी ती काश्मीरकडंही पेटली होती. काश्मीरच्या डोंगरात गाडी जात नाही तिथं वरच्या चौक्यांवर रेशन आणि पाणी खेचरांवरून न्यायचं, हे त्याचं काम. त्याच्याबरोबरच्या कराडकडच्या एका जवानानं त्याच्या आईला, गजरामावशीला, पत्र लिहिलं होतं. ते मीच तिला वाचून दाखवलं, एकदा नव्हे, पंधरा-वीस वेळा. वरच्या चौकीतली माणसं दोन दिवस पाण्यावाचून होती. हैबतीच्या खेचरावर पाण्याच्या चार पखाली होत्या. वाटेत तोफेचे गोळे पडायला लागले, तशी माणसं खडकाआड झाली. खेचराचा पाय दोन दगडांत अडकला होता. हैबती त्याला सोडवायला परत गेला. पाय सोडवला, आणि पुढचा गोळा त्याच्याजवळच पडला. खेचर एकटंच, रोजच्या वाटेनं, वर पोचलं. दोन पखाली फुटल्या होत्या, दोन शाबूत होत्या.

आता हे साल लक्षात घ्या. बाहत्तरचा दुष्काळ. गावातल्या विहिरी जानेवारीतच तळाला गेलेल्या. झाडून सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. टँकर आला की बाया घागरींवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. अशा गावात एक माणूस तहानलेल्यांना पाणी नेताना मेला, आणि गावच्या सरपंचाला त्याची लाज वाटत होती.

त्यांनी ती बोलूनही दाखवली. "रामजी, जरा इचार कर," ते तात्यांना म्हणाले. "सव्वीस जानेवारीला एवढे मोठे पाहुणे येनार. त्येंनी विचारलं, कसा मेला, तर काय सांगायचं? खेचराचा पाय सोडवताना? मग शूर कोन, हैबती का खेचर?"

कार्यक्रमाच्या पत्रिका आधीच छापून आल्या होत्या. त्यात 'शत्रूशी दोन हात करताना धारातीर्थी पडलेले' असं होतं. म्हणजे दगडानं आता पत्रिकेप्रमाणं वागायचं होतं.

तात्या तेव्हा पहिल्यांदा बोलले. त्यांना एका दमात फार बोलता यायचं नाही. "माळावर जाऊन बगा, सरपंच. बारा जन गुरांपायी मेल्यात. त्येंचं काय घोडं केलं का आमच्या वाडवडलांनी?"

"त्ये जुनं झालं."

"मरान जुनं हुतंय व्हय?"

सुभानराव निघून गेले. जाताना म्हणाले, तुम्हाला जमत नसेल तर बाहेरून कारागीर आणून कान कापून घेतो. तात्यांना काही वाटलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. मला मात्र भीती वाटली. लांब कान कापून आखूड करणं कुणालाही जमेल, त्याला कारागीर कशाला, खडी फोडणारा पुरेल. आणि एकदा कापले की देव जरी आला तरी पुन्हा लावून देऊ शकणार नव्हता.

त्या कानांवर माझा जीव होता, आणि त्याला कारण होतं. मी जन्मात खेचर बघितलं नव्हतं. तात्यांनीही नाही. मी कुंभाराचं गाढव बघून यायची, मग दहिवडीच्या टांग्याचा घोडा आठवायची, आणि दोन्हींच्या मधलं काहीतरी कोळशानं दगडावर काढायची. गजरामावशी रोज खडी फोडून परत जाताना आमच्याकडं टेकायची. हाताला फोड आलेले, डोक्यावरचा पदर धुळीनं पांढरा. ती बराच वेळ बघायची आणि म्हणायची, कान अजून लांब. हैबती शेवटच्या सुट्टीला आला होता तेव्हा त्यानं तिला खेचर कसं असतं ते दोन्ही हात डोक्यावर उभे धरून दाखवलं होतं. तशी ती मला करून दाखवायची. पन्नाशीची विधवा बाई, पोर जाऊन वर्ष झालेलं, आणि आमच्या लिंबाखाली डोक्यावर हात धरून खेचर होऊन उभी राहायची. मला हसूही यायचं आणि रडूही. तिच्या हाताच्या मापानं मी ते कान कोरले.

हैबतीचा चेहरा मला जमला का, असं तिला विचारलं तर ती म्हणाली, "चेहऱ्याचं राहू दे. चालतोय त्यो त्येच्यावानी." तो उजवा खांदा जरा खाली टाकून चालायचा. तेवढं मी धरलं होतं.

चार दिवसांनी सुभानरावांचा निरोप आला, की कान राहू देत, आमची काही हरकत नाही. मला खरंच वाटेना. तात्या मात्र खूश झाले. सरपंच झाला तरी गावचाच आहे, म्हणाले. मीही मग सुभानरावांबद्दल चार बरे शब्द बोलले, त्याचा मला आज पश्चात्ताप होतो. सव्वीस जानेवारीच्या दोन दिवस अगोदर बैलगाडी घेऊन माणसं आली. वीरगळीचा तळाचा हातभर भाग कोरा सोडलेला असतो, तेवढा जमिनीत गाडायचा. कुठवर गाडायचं तिथं मी गेरूनं आडवी रेघ ओढून दिली, आणि गाडीवाल्याला दोनदा दाखवली. तात्यांना बरोबर जायचं होतं, पण गाडीच्या हिसक्यांनी त्यांचा खोकला उसळला असता, म्हणून मी त्यांना जाऊ दिलं नाही. मीही गेले नाही. जाऊन बघायला हवं होतं.

सव्वीस जानेवारीला सकाळी चावडीपुढं मांडव घातलेला. शाळेची पोरं कागदी झेंडे घेऊन रांगेत. दुष्काळी कामाला सुट्टी होती, पण मांडव भरलेला दिसावा म्हणून कामावरच्या बायांना मुकादमानं मस्टरवर हजेरी लावून आणून बसवलं होतं. रस्त्याचं काम चावडीपर्यंतच आलेलं, त्यामुळं खडीचे ढीग, पहारी, हातोड्या सगळं बाजूलाच पडलेलं. गजरामावशीला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. ती जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसली असावी. पाय खाली टेकवावेत की वर घ्यावेत ते तिला समजत नव्हतं.

पाहुणे जीपमधून आले. हार झाले, नारळ झाला. मग त्यांनी दोरी ओढली आणि दगडावरची चादर खाली पडली. टाळ्या वाजल्या.

मला दगड बुटका दिसला. आधी वाटलं, चौथरा उंच आहे म्हणून असेल. मग मी पट्ट्या मोजल्या. चंद्र-सूर्य. पिंडीपुढं बसलेला. अप्सरा. आणि अप्सरांच्या पावलांपासून ताजं, गुळगुळीत सिमेंट.

खालची पट्टी नव्हती. हैबती, खेचर, पखाली, गोळा, डोंगर, माझे चार महिने आणि त्या बाईचा पोरगा, सगळं त्यांनी सिमेंटच्या चौथऱ्यात गाडलं होतं.

तेवढ्यात सुभानरावांचं भाषण सुरू झालं. हातात रायफल घेऊन, छातीवर गोळ्या झेलत, आणि असंच काहीबाही. तात्या काठी टेकत त्यांच्याजवळ गेले. त्यांनी काय विचारलं ते मी ऐकलं नाही, पण सुभानरावांनी हातानं माईक झाकून दिलेलं उत्तर मी ऐकलं. ते रागावले नव्हते. हसत होते.

"पाया मजबूत नको का, रामजी? आन् कानाला कुनी हात लावला का? शब्द पाळला मी."

असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. कान कापले असते तर निदान ते उघड पाप होतं, लोकांनी बघितलं असतं, उद्या कुणी विचारलं असतं. यांनी कशालाच हात लावला नव्हता. स्वर्ग वर ठेवला होता आणि मरण खाली पुरलं होतं.

गजरामावशी खुर्चीवरून उठली. कुणी बोलावलं नव्हतं. ती चौथऱ्याशी गेली, हातानं अप्सरा चाचपल्या, पिंडीपुढच्या माणसाच्या तोंडावरून बोट फिरवलं. पाहुण्यांना वाटलं आई लेकाला कुरवाळतेय. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. फोटोवाल्यानं फोटो घेतला.

"हैबती कुठाय?" तिनं मला विचारलं.

कमिटीतला एकजण पुढं होऊन म्हणाला, हा काय मावशी, देवापुढं बसलाय.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली. "ह्यो कुनीबी आसंल."

ती खाली बसली आणि हातानं सिमेंट खरवडायला लागली. वरचा थर नुकता धरलेला होता. नखानं निघण्यासारखा नव्हता. पाहुण्यांनी सुभानरावांकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. त्यांना पुढं आणखी दोन गावं होती. बँड सुरू झाला, पाहुणे जीपकडं निघाले, आणि सुभानराव, कमिटी, शाळेचे मास्तर, पोलीस हवालदार, तात्या सोडून झाडून सगळे पुरुष जीपमागं पळाले. निरोप देताना आपण दिसलो नाही तर काय घ्या. तिथून ते पाहुण्यांमागं पुढच्या गावच्या कार्यक्रमालाही गेले.

मी खडीच्या ढिगाजवळून पहार उचलली. कसलाही विचार केला नव्हता. पहिला घाव चौथऱ्याच्या कडेवर घातला तो उलटून हातात झणझणला. दुसऱ्याला तडा गेला. तिसरा घाव घालताना माझ्या शेजारी एका बाईची हातोडी चौथऱ्यावर पडताना मला दिसली, मग आणखी एक. त्या साली आमच्या गावातल्या प्रत्येक बाईला दगड फोडता येत होता. सरकारनंच शिकवलं होतं. त्यांना वीरगळ कळत होती की नाही कोण जाणे, पण दोन दिवसांपूर्वी ज्या चौथऱ्याला त्यांनीच पाट्या उचलून खडी घातली होती तो फोडायला त्यांना सांगावं लागलं नाही. सतरा-अठरा जणी असतील. गावात एवढ्या बाया एका ठिकाणी आणि आवाज फक्त हातोड्यांचा, असं मी तेव्हाच ऐकलं.

दगडाच्या अगदी जवळ आल्यावर मी सगळ्यांना मागं सारलं आणि घरून आणवलेली बारीक छिन्नी हातात घेतली. तात्या माझ्या मागं काठीवर उभे राहून, इथं हलकं, इथं आडवी धर, असं खोकत सांगत होते. माझ्या पहारीनं एका अप्सरेची करंगळी गेली होती. तिचं मला अजूनही वाईट वाटत नाही. सिमेंट थरांनी सुटत गेलं. आधी पखालींच्या कडा आल्या, मग दोरी, मग तो खाली पडलेला उजवा खांदा. कानांच्या मधल्या फटीत बसलेलं सिमेंट मी काढू लागले तर गजरामावशीनं माझा हात धरला आणि बाभळीच्या काट्यानं ते तिनं स्वतःच काढलं, कणकण.

दुपार कलली तेव्हा दगडापुढं गुडघाभर खोल खड्डा झाला होता, आणि खड्ड्याच्या भिंतीत खालची पट्टी पुरती उघडी पडली होती. गजरामावशी खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसली. तिथून तिला पोरगा बरोबर समोर दिसत होता.

सुभानराव परत आले तेव्हा बाया पांगल्या होत्या. फोडलेला चौथरा बघून त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. सरकारी कामाची नासधूस, पोलीस केस, पाथरवटाला गावातून हाकलणं. मी उत्तरं दिली, ती आता लिहिण्यासारखी नाहीत. तात्यांनी मला गप्प केलं. सुभानराव चौथऱ्यावर उभे होते, आणि उभ्या माणसाला खड्ड्यातलं दिसत नव्हतं. ते अप्सरांकडं बघूनच बोलत होते.

"काय दिसतंय त्यात एवढं?" शेवटी ते म्हणाले.

गजरामावशीनं मान वर केली नाही. "उभ्यानं न्हाय दिसायचा त्यो, सरपंच," ती म्हणाली. "खाली बसा."

सुभानराव बसले नाहीत. नवं कोरं धोतर होतं अंगावर, हे एक कारण असेल. केस काही झाली नाही. गावभरच्या बायांवर केस करायची म्हणजे पुढच्या निवडणुकीवर पाणी सोडायचं, एवढं त्यांना कळत होतं. खड्डा मात्र बुजवायलाही कुणी पुढं आलं नाही, कारण गजरामावशी जिवंत होती तोवर रोज संध्याकाळी तिथं बसायची, आणि ती गेल्यावर मी बसायला लागले. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं, ते मी करवंटीनं उपसते. आतापर्यंत आठ-नऊ सरपंच झाले. दर सव्वीस जानेवारीला नवे पाहुणे येतात, उभ्या-उभ्या वरच्या पट्टीला हार घालतात, फोटो काढतात, शौर्यावर बोलतात आणि जातात. त्यांतला एकही माणूस खाली बसलेला मी अजून बघितलेला नाही.